एमएक्स-५ चे ब्रेक: हॉकेनहाइमसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

गाडी: माझ्दा एमएक्स-५, दुसरी पिढी (एनबी), २००२ ची, १.८ लिटर, १४६ अश्वशक्ती. पुढे २७० मिमीच्या व्हेंटिलेटेड (आतून हवेच्या वाटा असलेल्या) डिस्क, मागे २७६ मिमीच्या सॉलिड. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. मुक्काम श्टुटगार्टजवळ, सर्किट बहुतेक वेळा हॉकेनहाइमचं ४.५७४ किलोमीटरचं ग्रां प्री सर्किट.

९ मार्च २०२४

हिवाळाभर गाडी झाकून होती. आज कव्हर काढलं, चाकं काढली आणि चारही ब्रेक उघडून पाहिले. गेल्या हंगामाच्या शेवटी काय झालं ते आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं काम त्यावरच ठरणार आहे.

सुरुवातीच्या लॅप मस्त गेल्या. मग पाराबोलिका या लांब, वेगवान पट्ट्याच्या टोकाला, श्पिट्सकेर या अगदी बंद वळणाच्या आधी ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. पुढच्या लॅपला आणखी खाली. पटापट दोनदा पंप केलं की वर यायचं. गाडी हळूहळू पिटमध्ये आणली आणि त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर नेली नाही.

पेडल खाली बसतं पण पंप केल्यावर वर येतं, याचा अर्थ ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही, असं असेल तर पॅड (डिस्कवर घासणारे तुकडे) त्यांच्या तापमानाच्या पलीकडे गेलेत. आणि कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेल्यावर फक्त पहिला दाब लांब जातो, दुसरा ठीक लागतो, असं असेल तर हबच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागाच्या) बेअरिंगमध्ये खेळ आहे. डिस्क हलते आणि पॅडला मागे ढकलते. तीन वेगळे आजार आहेत आणि तिन्हींवर औषध वेगळं. ट्रॅक डेला भेटणारे बरेच जण तिन्हींवर एकच उपाय सांगतात, मोठा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग). मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते उद्या कागदावर मांडतो.

आज दिसलेलं: टाकीतलं ऑइल गडद तपकिरी. पुढचे पॅड काचेसारखे गुळगुळीत झालेले, कडा भुसभुशीत. पुढच्या डिस्क १८.६ मिमी, म्हणजे नव्या २० मिमीपासून १८ च्या किमान मर्यादेकडे निघालेल्या. पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक भेगा आहेत, कडेपर्यंत मात्र एकही पोचलेली नाही. मागचं सगळं ठीक.

१० मार्च

रविवार. इथे रविवारी ठोकठोक चालत नाही, शेजारी लगेच दार वाजवतात. म्हणून आकडेमोड.

पाराबोलिकाच्या शेवटी माझी गाडी ताशी १७५ च्या आसपास असते आणि श्पिट्सकेर मी साठीला घेतो. मी, पेट्रोल, हेल्मेट सगळं धरून वजन १२०० किलो. या एका ब्रेकिंगमध्ये साडेबारा लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते, तीही साडेतीन सेकंदांत. इंजिन १४६ अश्वशक्तीचं, पण तेवढ्या वेळापुरते ब्रेक ४८० अश्वशक्तीच्या घरात काम करतात. हवेचा आणि इंजिनचा रोध यातला थोडा वाटा उचलतो, तो सध्या सोडून देतो.

सत्तर टक्के भार पुढे धरला तर पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला सुमारे चार लाख चाळीस हजार ज्यूल येतात. नवी डिस्क वजनकाट्यावर ५.४ किलो भरली. एक किलो बीड एक अंश तापायला साधारण ५०० ज्यूल लागतात. हिशेब केला तर एका दाबात डिस्क १६० अंशांनी तापते. ती थंड होईपर्यंत मर्सिडीज स्टँडजवळचं वळण येतं, मग मोटोड्रोममध्ये (सर्किटच्या स्टेडियमसारख्या भागात) शिरतानाचा ब्रेक, मग नॉर्डकुर्वे आणि लगेच पुढचं आखूड दुसरं वळण. डिस्क थंड व्हायला निवांत सरळ रस्ता मिळतो तो पुन्हा पाराबोलिकावरच.

आता डिस्क एक किलोने जड घेतली असं समजू. एका दाबाला १६० ऐवजी १३५ अंश. फरक आहे, पण पंचवीस अंशांचा. लॅपमागून लॅप तापमान कुठे जाऊन स्थिर होतं, हे डिस्कला किती वारा लागतो त्यावर ठरतं. आणि थांबण्याचं अंतर ठरवतात टायर. थंड ब्रेकवर माझं एबीएस आत्ताच, याच कॅलिपरवर काम करायला लागतं. म्हणजे चाक लॉक करण्याइतकी ताकद या ब्रेकमध्ये आहे. कमी आहे ती उष्णता सोसण्याची आणि बाहेर टाकण्याची क्षमता.

तेव्हा क्रम असा: ऑइल, पॅड, डिस्क, मग वारा. कॅलिपरचा विचार सगळ्यात शेवटी, लागलाच तर.

१६ मार्च

सामान मागवलं. प्रत्येक वस्तूमागचं कारण लिहितो, कारण वर्षभराने मीच विसरेन.

ऑइल: एटीई टाइप २००. कोरडा उत्कलनबिंदू २८० अंश, ओला १९८. साध्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलची किमान अट २३० आणि १५५. ओला म्हणजे ऑइलने ३.७ टक्के पाणी शोषून घेतल्यावरचा. ग्लायकोलचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, रबरी नळ्यांमधूनसुद्धा, त्यामुळे दोन वर्षं जुन्या ऑइलचा डब्यावरचा आकडा वाचण्यात अर्थ नाही. कॅस्ट्रॉल एसआरएफचा ओला आकडा २७० आहे, त्या बाबतीत त्याला तोड नाही, पण किंमत तिप्पट-चौपट. हंगामात दोनदा ताजं टाइप २०० भरायची माझी तयारी आहे, म्हणून सध्या तेच. (एक गोष्ट नव्या मंडळींसाठी: डॉट ५ हे सिलिकोनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ ग्लायकोलचं. नावं जवळची असली तरी रसायन वेगळं.)

पॅड: ट्रॅकसाठी फेरोडो डीएस२५००, पुढे आणि मागे दोन्हीकडे. कंपनीच्या पत्रकात सरासरी घर्षणांक ०.४२ दिलाय. फक्त पुढे चावरे पॅड घातले तर ब्रेकचा तोल पुढे सरकतो, पुढची चाकं आधी लॉक होऊ पाहतात आणि मागचे ब्रेक नुसतेच सोबत फिरतात. म्हणून चारही चाकांना एकच मिश्रण.

आता कायद्याची बाजू. जर्मनीत रस्त्यावरच्या गाडीला पॅड लावायचे तर त्यांना ईसीई आर९० ची मान्यता लागते. ही मान्यता सांगते की बदली पॅडचं वागणं मूळ पॅडच्या पंधरा टक्के आतबाहेर आहे. डीएस२५०० ला रस्त्याची मान्यता नाही. ते लावून रस्त्यावर आलो तर वाहन नियमावलीच्या कलम १९ प्रमाणे गाडीचा परवानाच जातो आणि अपघात झाला तर विम्यातही अडचण येऊ शकते. आणि हा नियम मला योग्यच वाटतो. थंडीत, पहाटे, पहिल्याच सिग्नलला शर्यतीचे पॅड कसे लागतील याची खात्री समोरून रस्ता ओलांडणाऱ्या आजींना द्यायची कुणी?

म्हणून रस्त्याचे पॅड वेगळे, ट्रॅकचे वेगळे. मग डिस्कही वेगळ्या लागतात. प्रत्येक पॅड आपल्या मिश्रणाचा एक पातळ थर डिस्कवर सोडतो आणि त्याच थरावर तो चांगला धरतो. एकाच्या थरावर दुसरा घासला की थर डागाळतो आणि ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिच्यावरचा थर कमी-जास्त झालेला असतो. तर पुढच्या डिस्कच्या दोन जोड्या. साध्या, बिडाच्या, भोकं नसलेल्या. भोकं पाडलेल्या डिस्क जाळीच्या अलॉयमधून देखण्या दिसतात, पण ट्रॅकवर भेगा त्या भोकांच्या कडेपासूनच सुरू होतात.

नळ्या: आतून टेफ्लॉन, बाहेरून स्टीलची वीण, सोबत मान्यतेचा कागद. हा कागद गाडीत ठेवायचा, ट्यूफ या वाहन तपासणाऱ्या संस्थेच्या दर दोन वर्षांच्या तपासणीला तो मागतात.

६ एप्रिल

तासावर लिफ्ट भाड्याने देणाऱ्या गॅरेजमध्ये दिवसभर. बरोबर नगरचा मित्र. तो इथे गिअरबॉक्सच्या कारखान्यात आहे आणि हात माझ्यापेक्षा बरा चालतो.

इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. त्यामुळे बावीस वर्षांच्या गाडीचे ब्रेक पाइपाचे नट म्हणजे परीक्षाच. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. साध्या पान्ह्याने हे नट गोल होतात, म्हणून फ्लेअर पाना वापरला, जो नटाला जवळपास चहूबाजूंनी धरतो. चारही सुटले. कॅलिपरकडच्या प्रत्येक जोडाला तांब्याचे नवे वॉशर, जुने परत लावायचे नाहीत.

पुढचं काम सोपं. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढायचा, कॅलिपर वर उचलायचा, ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढले की डिस्क हातात. अडकली तर डिस्कवर आठ मिमीच्या आट्यांची दोन भोकं असतात, त्यात बोल्ट पिळला की ती हबवरून आपोआप सुटून येते. हातोडा मारायची गरज नाही, बेअरिंगवर तर मुळीच मारू नये.

हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून लख्ख केला. यावर वेळ घालवला तो मुद्दाम. हब आणि डिस्कच्या मध्ये गंजाची कागदाएवढी पापडी जरी राहिली तरी डिस्क फिरताना डुलते, आणि डुलणारी डिस्क पॅडचा थर एका बाजूला जास्त घेते. डायल गेज लावून फिरवली: डावी ०.०४ मिमी, उजवी ०.०३. छान.

मागच्या कॅलिपरची गंमत वेगळी आहे. त्यात हँडब्रेकची यंत्रणा बसवलेली असल्याने पिस्टन दाबून आत जात नाही. कॅलिपरच्या पाठीवर एक बोल्ट आहे. तो काढला की आत खोलवर ४ मिमीच्या अ‍ॅलन कीचं तोंड सापडतं. डोळ्यांनी नीट दिसत नाही, बोटाने अंदाज घेत की बसवावी लागते. घड्याळाच्या उलट फिरवलं की पिस्टन हळूहळू आत सरकतो. नवे पॅड बसवल्यावर उलट काम: पॅड डिस्कला टेकेपर्यंत सुलट फिरवायचं आणि मग एक तृतीयांश फेरा मागे. हे न करता नुसती हँडब्रेकची केबल ताणणारे मेकॅनिक मी पाहिलेत. त्यांच्या गाड्यांचं ब्रेक पेडल कायम लांब राहतं, कारण मागचे पॅड डिस्कपासून दूरच उभे असतात.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना बाहेर काढून पुसल्या, सिलिकोन ग्रीस, नवी रबरं. चाकांचे नट ११० न्यूटन-मीटर.

१३ एप्रिल

ऑइल बदललं आणि हवा काढली. टाकीतलं जुनं ऑइल आधी सिरिंजने काढलं, ताजं भरलं, मग उजवं मागचं, डावं मागचं, उजवं पुढचं, डावं पुढचं. मित्र पेडलवर, मी खाली. “दाब. धर… धर… आता सोड.” एवढ्या तीन शब्दांवर दुपार गेली.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलमागच्या, ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्यात) पिस्टन रोज जिथवर जातो तिथवरचा भाग गुळगुळीत असतो, त्यापुढे गंज आणि मळ. हवा काढताना पेडल तळाला नेलं की रबरी सील त्या गंजावरून घासतं आणि दुसऱ्या दिवशी पेडल हळूहळू खाली जायला लागतं. टाकी एकदाही अर्ध्याखाली जाऊ दिली नाही, कारण एबीएसच्या पंपात हवा शिरली तर ती घरच्या पद्धतीने निघत नाही.

पुढच्या डाव्या निपलला (हवा काढायच्या तोटीला) पारदर्शक नळीतून आधी काळपट, मग बारीक बुडबुड्यांची माळ, मग स्वच्छ पिवळं ऑइल आलं. पेडल आता वरच्या वर, कडक. नळ्यांमुळे थांबायचं अंतर कमी होत नाही, पण पाय आणि पॅड यांच्यात आता मऊ रबर फुगत नाही. मोटोड्रोममध्ये ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरताना हे फार उपयोगी पडेल.

२२ एप्रिल, हॉकेनहाइम

ढगाळ, ११ अंश. ए८१ आणि ए६ ने रस्त्याच्या पॅडवर आलो. डिकी १४४ लिटरची, म्हणून डिस्क आणि पॅड बाजूच्या सीटच्या पायाशी, टॉर्क रेंच सीटवर बेल्ट लावून. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) जॅकवर घेऊन डिस्क-पॅडची जोडी बदलली.

डिस्कच्या बाहेरच्या कडेवर थर्मल पेंटचे तीन पट्टे ओढले होते. हिरवा ४३० अंशांना रंग बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. कॅलिपरवर तापमान दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. अंदाजाने बोलण्यापेक्षा हे बरं, आणि सगळं मिळून खर्च एका पॅड सेटहूनही कमी.

पहिलं सत्र फक्त पॅड बसवण्यासाठी. नवा बिडाचा तवा मुरवावा तसंच हे काम आहे, आणि डिस्कही बिडाचीच. आधी हलके दाब, मग प्रत्येक लॅपला थोडा जास्त, पण पूर्ण थांबायचं कुठेच नाही. शेवटची लॅप ब्रेकला जवळपास हात न लावता, आणि पिटमध्ये आल्यावर गिअरमध्ये उभी. हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेला पॅड एकाच जागी दाबून धरला की तिथे त्याचा ठसा उमटतो. सत्रानंतर डिस्कवर एकसारखा निळसर-करडा थर आला होता, पाहूनच समाधान वाटलं.

दुसऱ्या सत्रापासून पूर्ण वेगाने. श्पिट्सकेरला शेवटपर्यंत पेडल जागच्या जागी. पॅडचा चावा ताबडतोब आणि दाबाच्या प्रमाणात. गेल्या वर्षी इथे मी १५० मीटरच्या फलकाच्या आधीच पाय टाकत होतो, कारण विश्वास नव्हता. आज फलक ओलांडून दाबत होतो आणि तरी वळणात शिरायच्या आधी हातात वेळ उरत होता.

संध्याकाळी रस्त्याची जोडी परत लावून घरी. तापलेले बोल्ट हाताळायला वेल्डिंगचे हातमोजे हवेत, पुढच्या वेळी आणायचे.

२७ एप्रिल

पेंट वाचला. हिरवा पूर्ण पांढरा. नारिंगी कडेला पांढरा, मध्ये थोडा शिल्लक. लाल जसाच्या तसा. म्हणजे डिस्क अधूनमधून ५६० अंशांना शिवते आहे. डीएस२५०० साठी हे वरच्या टोकाचं तापमान आहे, आणि हे ११ अंशांच्या एप्रिलमध्ये. उन्हाळ्यात ३० अंशांना हा पॅड टिकणार नाही. कॅलिपरची पट्टी २२० च्या खुणेपर्यंत काळी. ताज्या ऑइलला चालेल, महिन्या-दोन महिन्यांनी ओल शोषल्यावर नाही.

पॅडची जाडी कॅलिपर गेजने मोजली. उजवीकडे आतला पॅड बाहेरच्यापेक्षा अर्ध्या मिमीने कमी, डावीकडे दोन्ही जवळपास सारखे. सिंगल पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरमध्ये आतला थोडा जास्त झिजतोच. पाचर झालेली नाही, पिना नीट सरकताहेत.

उपाय दोन. याहून उष्ण तापमानाचा पॅड घ्यायचा, किंवा तापमानच खाली आणायचं. पहिला सोपा आहे, पण त्याने उष्णता कुठेच जात नाही. ती डिस्कमध्येच साठते आणि तिथून हब, बेअरिंगचं ग्रीस, बॉल जॉइंटचं रबर यांच्याकडे जाते. दुसरा.

११ मे

वाऱ्याची सोय. पुढच्या बंपरच्या तोंडातून दोन्ही बाजूंना ६३ मिमीच्या, उष्णता सोसणाऱ्या लवचीक नळ्या, शेवट डिस्कच्या मागच्या पत्र्यावर.

महत्त्वाचं हे की वारा डिस्कच्या नेमका मध्यावर, म्हणजे हबच्या डोळ्याशी सोडायचा. व्हेंटिलेटेड डिस्क स्वतःच पंखा असते: मध्यातून हवा ओढते आणि पाकळ्यांमधून कडेला फेकते. नळीचं तोंड नुसतं डिस्कच्या आतल्या चेहऱ्यावर रोखलं तर तोच चेहरा गार होतो, बाहेरचा तापलेलाच राहतो आणि डिस्क बशीसारखी वळायला बघते. म्हणून मागचा पत्रा कापून त्यावर वाकवलेल्या अ‍ॅल्युमिनियमचं तोंड रिव्हेट केलं, डिस्कच्या मधल्या छिद्राभोवती जेमतेम जागा सोडून.

काही जण मागचा पत्रा काढूनच टाकतात. वारा लागतो हे खरं, पण मग डिस्कची धग थेट बॉल जॉइंटच्या रबरावर आणि स्टिअरिंगच्या टोकावर. मी पत्रा ठेवला.

स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, लिफ्टवर चाक वर-खाली करून नळी टायरला कुठेही शिवत नाही ना हे पाहण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. रस्त्यावर जाताना नळ्या काढून ठेवायच्या, म्हणून दोन्ही टोकांना झटकन सुटणारे क्लॅम्प.

१७ जून, हॉकेनहाइम

कडक ऊन. या दिवसाचीच वाट पाहत होतो. पेंटचे नवे पट्टे, कॅलिपरवर नव्या चिकटपट्ट्या.

दिवसअखेर: हिरवा पांढरा, नारिंगी पूर्ण शाबूत. म्हणजे एप्रिलपेक्षा कितीतरी गरम दिवशी डिस्क ५६० च्या खालीच राहिली. कॅलिपर १९० च्या खुणेपर्यंत. नळी, पत्रा, रिव्हेट आणि दोन शनिवार. या सगळ्या प्रकल्पात पैशाला सर्वांत जास्त मोबदला यातून मिळाला, याबद्दल मला आता शंका नाही.

दुपारी मात्र नवं लक्षण. मोटोड्रोममधून बाहेर पडताना कर्बवर उजवं चाक गेलं की पुढच्या ब्रेकला पहिला दाब लांब. दुसरा ठीक. ऑइल उकळलं असतं तर सत्र पुढे जाईल तसं वाढत गेलं असतं, हे फक्त कर्बनंतर येतं. सरळावर डाव्या पायाने पेडल अलगद टेकवून पॅड परत जागेवर आणत राहिलो आणि शेवटचं सत्र सोडून दिलं. पॅडॉकमध्ये उजवं चाक वर-खाली धरून हलवलं: हलका, पण हाताला कळणारा खेळ.

एमएक्स-५ चे पुढचे हब ट्रॅकवर झिजतात हे या गाडीच्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. चिकट टायर आणि कर्ब यांचा भार त्या बेअरिंगच्या हिशेबात धरलेला नाही.

२९ जून

दोन्ही पुढचे हब बदलले. फक्त उजवा बदलण्यात अर्थ नाही, डावाही तेवढाच चाललेला आहे. मधला २९ चा नट ठोकून लॉक केलेला असतो, ती कड आधी छिन्नीने उचलावी लागते. नवा नट, टॉर्क १९० न्यूटन-मीटर, आणि परत कड ठोकून लॉक. डिस्कचं डुलणं पुन्हा मोजलं, दोन्हीकडे ०.०३ च्या आत. ऑइलही आजच बदललं, ठरल्याप्रमाणे.

६ जुलै

नगरचा मित्र रात्री जेवायला होता. पिठलं-भाकरी संपता संपता विषय निघालाच.

“अरे, एवढी खटपट करतोस त्यापेक्षा चार पिस्टनचा कॅलिपर घाल ना. एकदाच काय ते.”

त्याचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही, म्हणून नीट लिहितो. चार पिस्टनचा समोरासमोरचा कॅलिपर जास्त ताठ असतो, पॅड सारखे झिजतात, अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने हलका असतो, आणि दोन पिना सोडवून पॅड वरून काढता येतो. पॅडॉकमध्ये वाकून बोल्ट काढणाऱ्याला याची किंमत कळते. पण पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढलं तर पेडल लांब होतं आणि तोल पुढे सरकतो. मग मागचंही बदला, मग प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये दाब वाटणारा), मग कदाचित मास्टर सिलिंडर. माझ्दाच्या लोकांनी पुढचं-मागचं जे जुळवून दिलंय ते मी एका टोकाने मोडायचं आणि वर्षभर परत जुळवत बसायचं. शिवाय या सगळ्याला ट्यूफची मान्यता मिळवायची. १४६ अश्वशक्तीच्या, इतक्या हलक्या गाडीला आज तरी गरज नाही. टर्बो बसवला असता आणि पाराबोलिकाच्या टोकाला दोनशेच्या वर पोचलो असतो तर उत्तर वेगळं असतं: वेग १७५ चा २०० झाला तर उष्णता सुमारे एक तृतीयांश वाढते, आणि तेवढी वाढ या डिस्कला झेपणार नाही.

तो वरंधा घाटाबद्दल म्हणाला, उतरताना ट्रकच्या ब्रेकचा वास येतो ते आठवतं का. आठवतं. तिथे चूक उलटी असते: थोडा थोडा ब्रेक सतत घासत ठेवायचा, डिस्कला किंवा ड्रमला श्वासच मिळत नाही. म्हणून घाटात गिअरवर उतरा म्हणतात. ट्रॅकवरही लांब, हलका ब्रेक सर्वांत जास्त तापवतो. उशिरा, जोरात आणि थोडा वेळ दाबला की एकूण उष्णता तेवढीच, पण पाय उचलल्यावर वारा लागायला वेळ जास्त. गेल्या वर्षीपेक्षा यंदा पॅड कमी झिजले त्यात या सवयीचाही वाटा आहे.

२ सप्टेंबर, हॉकेनहाइम

कर्बवरून गेल्यावरही पहिला दाब वरच्या वर. सगळी सत्रं पूर्ण केली. नारिंगी पट्टा शाबूत, कॅलिपर १९० लाच थांबतोय.

दुपारी पॅडॉकमध्ये एका तरुणाची तशीच एमएक्स-५ शेजारी उभी होती, पेडल तळाला गेलेलं, तो मोठ्या ब्रेक किटचे भाव फोनवर बघत होता. त्याला टाकीचं झाकण उघडायला सांगितलं. ऑइल माझं मार्चमध्ये होतं तसंच गडद. माझ्याकडे टाइप २०० चा सीलबंद डबा होता, तो दिला, दोघांनी मिळून हवा काढली. तो शेवटची दोन सत्रं चालवून घरी गेला.

१४ सप्टेंबर

हंगाम संपल्यावरची मोजमापं. ट्रॅकच्या पुढच्या डिस्क १९.४ आणि १९.५ मिमी. उजव्या डिस्कवर एक भेग बाहेरच्या कडेपासून पाच मिमीवर आली आहे. कडेला पोचली की डिस्क लगेच भंगारात, जाडी कितीही उरली असली तरी. पुढच्या पॅडवर तीन-साडेतीन मिमी उरलंय. पॅड पातळ झाला की डिस्कची धग पिस्टनपर्यंत लवकर पोचते, म्हणून एवढ्यावर पुन्हा ट्रॅकवर नेणार नाही, हिवाळ्यातच नवे घेईन. मागच्यांचा निम्म्याहून जास्त जीव बाकी आहे, ते पुढच्या वर्षी तसेच चालतील.

पिस्टनची बाहेरची धूळरोधक रबरं उन्हाळ्याच्या धगीने कडक झालीत, बोट लावलं की कडा चुरते. दुरुस्तीचं किट स्वस्त आहे. कॅलिपर काढून, पिस्टन बाहेर घेऊन, आतलं चौकोनी सील आणि बाहेरचं रबर दोन्ही बदलायचं, नोव्हेंबरात, गाडी झाकायच्या आधी. त्याच वेळी एसआरएफचा एक डबा भरून पाहणार आहे. पुढच्या हंगामात मध्येच ऑइल बदलावं लागलं नाही, तर किंमत वसूल.